लाल तिथं गोडं पाणी

टेंभुर्णीत बसून मी समुद्राचं काम करते, यावर गावात कुणाचाच विश्वास बसला नाही. बसावा तरी कसा? आमच्या जाफराबाद तालुक्यातून समुद्र बघायचा तर अख्खा महाराष्ट्र ओलांडावा लागतो, आणि ही बाई म्हणते, मी माळवदावरच्या खोलीतून समुद्राच्या तळाखालचं बघते. किराणा दुकानदारानं मायला सरळ विचारलं, पोरीची नोकरी गेली का. आमच्या गल्लीतल्या एकीनं तर माझं लग्न मोडलं म्हणून मी परत आले, असंच ठरवून टाकलं. माझं लग्न झालेलंच नव्हतं, पण एवढ्या बारीकसारीक गोष्टीसाठी कोण थांबतं.

मला राग यायचा. मी मुळातच तापट, त्यात तोंडाळ. पण त्यांच्या जागी मी असते तर मीही हाच संशय घेतला असता, हेही तितकंच खरं. मला पगारच संशय घेण्याचा मिळतो.

ते काम काय, हे आधी सांगते. किनाऱ्यावरच्या एका गावातल्या विहिरी खारट झाल्या होत्या. तिथून जरा आत, समुद्राच्या तळाखालच्या वाळूत जुनं गोडं पाणी अडकून राहिलेलं असावं, असा भूगर्भवाल्यांचा अंदाज होता. ते बघायला एक जहाज तळाच्या थोडं वरून लांबलचक केबल ओढत नेतं आणि तिच्यातून करंट सोडतं. तळावर यंत्रं ठेवलेली असतात, ती ऐकतात. खाऱ्या पाण्यातून आणि खाऱ्या गाळातून जाताना हा सिग्नल फार लवकर विरतो. पण मध्ये गोडं पाणी, गॅस किंवा कातळ असलं, म्हणजे करंट ज्याच्यातून सहज जात नाही असं काही असलं, की तो कमी विरतो आणि लांबच्या यंत्रापर्यंत जोरात पोचतो. त्या नोंदी जहाजावरून कंपनीत येतात आणि कंपनीतून माझ्याकडं.

मग मी कॉम्प्युटरमध्ये आकड्यांचा समुद्र बांधते. वर हवा, खाली पाणी, त्याखाली गाळ, वाळू, खडक. सगळ्याचे बारीक बारीक चौकोन पाडायचे. प्रत्येक चौकोनाला तिथं करंट किती अडतो त्याचा आकडा द्यायचा आणि गणित सोडवून बघायचं, की जमीन अशी असती तर यंत्रांनी काय ऐकलं असतं. मग त्यांनी खरोखर काय ऐकलं त्याच्याशी ताडायचं. जुळलं नाही की आकडे बदलायचे, पुन्हा गणित, पुन्हा ताडायचं. कधीतरी जुळतं. नवखा माणूस तिथं खूश होऊन चहा प्यायला जातो. माझा संशय मात्र तिथून सुरू होतो, कारण तेच उत्तर देणारी जमीन एकटी नसते, तशा ढीगभर असतात. पातळ थर अन् भारी अडथळा, किंवा जाड थर अन् हलका अडथळा, वरून ऐकणाऱ्याला दोन्ही सारखेच.

त्यात उथळ समुद्र म्हणजे तर नुसती लबाडी. सिग्नल पाण्यातून वर जातो, हवेतून मजेत पळतो, लांब जाऊन पुन्हा खाली उतरतो अन् यंत्रात शिरतो. यंत्राला वाटतं, तळाखालून आला. असं हवेतून आलेलं गोडं पाणी मी कितीदा तरी पकडलंय. सहकारी मला शंकेखोर म्हणतात, आणि अवघड नोंदी आल्या की माझ्याच गळ्यात टाकतात.

गावात हे सगळं एकाच माणसानं नीट विचारून घेतलं, ते म्हणजे माझ्या मायनं. आबा, म्हणजे माझे वडील, लांबूनच मान हलवायचे. माय दुपारी चहा घेऊन वर यायची, माझ्या मागं जमिनीवर बसायची आणि स्क्रीनकडं बघत राहायची. पहिल्यांदा तिनं विचारलं, हे लाल लाल काय दिसून राह्यलं? मी सांगितलं, लाल म्हणजे करंट जिथं अडतो ती जागा, तिथं गोडं पाणी असायची आशा. अन् निळं? निळं म्हणजे खारं. तिनं ते डोक्यात पक्कं बसवलं. मग रोज आली की आधी विचारायची, आज लाल किती झालं? लाल वाढलं की खूश व्हायची, कमी झालं की मलाच दोष द्यायची, की तू उगं त्यात बोटं घालत बसतीस. मी सांगायचे, अगं, ते लाल खोटंही असू शकतं. ती म्हणायची, तुला सगळंच खोटं दिसतं. समुद्राच्या पोटात गोडं पाणी आणि आपल्या गल्लीत टँकर, हा न्याय तिला बिलकुल पटला नव्हता, पण समुद्राकाठच्या त्या बायांना तरी पाणी मिळावं असं तिला मनापासून वाटायचं.

पाण्याचं तिला एवढं का, तर आमची मोसंबीची बाग. बाग आबांच्या नावावर आणि जीव मायचा. रोपं लहान होती त्या उन्हाळ्यात तिनं कळशीनं पाणी घालून ती जगवली होती. मी तेव्हा शाळेत होते आणि मला तिचा राग यायचा, कारण शाळेतून आलं की घरी कधी कुणी नसायचं, माय बागेत. आता झाडं भरात आली होती आणि विहीर महाशिवरात्रीलाच तळ दाखवत होती. आधी घेतलेली बोरं कोरडी गेली होती, त्यांच्या तोंडावर दगड ठेवलेले होते. दिवाळीनंतर एकदा जेवताना आबांनी सांगून टाकलं, यंदा एक शेवटचं बोर घ्यायचं. लागलं तर लागलं. न्हाई लागलं तर बाग काढायची आणि तिथं तूर टाकायची. मायनं ताटातला हात थांबवला.

आता घरात जमिनीखालचं बघणारी लेक बसलेली. आबांनी मला विचारलं, पण कसं, तर चाचांना सांगून झाल्यावर. चाचा म्हणजे आमच्या गावचे पाणाड्या. कडुनिंबाची बेचकी दोन्ही मुठींत धरून शेतात फिरतात, बेचकी खाली वळली की तिथं पाणी. आबांची आणि त्यांची जुनी दोस्ती, ईदला शीरखुर्मा आमच्याकडं आणि दिवाळीचा फराळ त्यांच्याकडं. चाचा मला लहानपणापासून बेटी म्हणायचे. माणूस म्हणून मला आवडायचे. पाणाड्या म्हणून त्यांच्यावर माझा काडीचा विश्वास नव्हता, आणि त्यांनाही ते ठाऊक होतं. त्यांनी बागेच्या पूर्वेला बांधाजवळ जागा सांगितली होती. आबा मला म्हणाले, तूबी बघ, दोघांचं जुळलं तर बरंच. म्हणजे माझा उपयोग काय, तर चाचांच्या बेचकीला दुजोरा द्यायला. डोक्यात अशी तिडीक गेली म्हणून सांगू.

पण बागेसाठी मी गप्प बसले. संभाजीनगरला शिकवणाऱ्या मैत्रिणीला बोलावलं, तिच्याकडं जमिनीवर चालणारं यंत्र होतं. तार शेतात मोठ्या चौकोनात पसरायची, करंट सोडायचा, एकदम तोडायचा आणि त्यानंतर जमीन काय बोलते ते टिपायचं. तार उचलायची, पुढं सरकायचं. आम्ही दोघी दिवसभर बागेत तार ओढत होतो आणि बांधावर उभं राहून लोक बघत होते. आबांनी जमीन विकायला काढली, मोजणीवाल्या बाया आल्या, असं संध्याकाळपर्यंत गावभर झालं.

त्या नोंदी मी माझ्याच समुद्राच्या प्रोग्राममध्ये घातल्या. पहिलं चित्र आलं ते बघून माझं मलाच हसू फुटलं. आमच्या शेताखाली म्हणे असा खडक, की जगात कुठं सापडायचा नाही. मी नोंदी तपासल्या, तार तपासली, मैत्रिणीला फोन करून तिचं डोकं खाल्लं. मग लक्षात आलं, प्रोग्राममधला सगळ्यात वरचा थर मी काढलाच नव्हता. माझ्या गणितात टेंभुर्णीच्या मोसंबीवर समुद्र पसरलेला होता, खारट, चांगला खोल. तो काढला, शेत कोरडं केलं आणि चित्र शहाण्यासारखं आलं. हे मायला सांगितलं तर ती पोट धरून हसली. तिला वाटलं, आता सगळं ठीक झालं.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. जमिनीवर हिशेब उलटा असतो. आमच्याकडं खाली काळा पाषाण. तो सलग, कोरडा असला की करंट अडतो, म्हणजे चित्रात लाल. जिथं खडक फुटलेला, छिद्राछिद्रांचा, ज्याला आमच्याकडं मांजऱ्या म्हणतात, आणि त्यात पाणी मुरलेलं, तिथून करंट सहज जातो, म्हणजे निळं. समुद्रात लाल चांगलं, शेतात निळं. माझ्या डोळ्यांना याचं काही वाटत नाही, एकाच रंगात दोन्ही वाचायची सवय आहे. बागेच्या मधोमध, उंचवट्यावर, मोठा लाल गोळा होता. खालच्या अंगाला, ओढ्याकडं, एक निळा पट्टा होता. तो पट्टा पाण्याचा असेल किंवा नुसत्या चिकणमातीचा, कारण ओली चिकणमातीही निळीच दिसते. मी मैत्रिणीचं यंत्र दोनदा फिरवलं, चार पद्धतींनी गणित केलं, तरी ते दोन्ही वेगळे करता येईनात.

मी आबांना बागेत नेऊन सगळं समजावलं. लाल म्हणजे कातळ, तिकडं जायचंच नाही. निळं बघा. ओढ्याकडच्या पट्ट्यात मी बाभळीची खुंटी ठोकली आणि भोवती चुना टाकला. तेव्हा चाचाही आले. खुंटीकडं बघितलं, आकाशाकडं बघितलं. त्यांचं ते बघणं मला आवडलं नाही. मग आबांनी फार विचार करून ठरवलं, की लेकीच्या जागी बोर घ्यायचं. चाचा म्हणाले, ठीक है, बेटीची जागा घ्या. एवढ्या सहज ते तयार झाले तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली. म्हटलं, कुठंतरी पाणी मुरतंय. माय त्या वेळी गोठ्यात धार काढत होती. चित्र मी घरातल्या सगळ्यांच्या व्हाट्सअपवर टाकलं, ते तिनं तिथं बघितलं.

बोरची गाडी आली ती सकाळी. आमच्याकडं या गाड्या तामिळनाडूच्या असतात, कामगारांना मराठी येत नाही, मोडकं हिंदी बोलतात, आणि एजंट जाफराबादचा. गाडी यायच्या आधी घरच्या बाईनं जागेची पूजा करायची असते. माय उजाडल्यावर हळद-कुंकू, नारळ, अगरबत्ती घेऊन पुढं गेली. मी निघणार तेवढ्यात कंपनीतून फोन आला, समुद्राच्या त्या कामाची मीटिंग तातडीनं लावली होती. मी वर बसून तळाखालच्या लाल पट्ट्यावर शंका काढत राहिले आणि शेतात गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. मीटिंग संपवून धावत गेले तर लांबूनच धूळ दिसली, आणि धूळ ओढ्याकडं नव्हती. उंचवट्यावर होती. गाडी बागेच्या मधोमध उभी होती, दोन झाडं काढून.

मी ओरडतच गेले, बंद करा, जागा चुकली. आबा म्हणाले, चुकली कशी, खुंटी इथंच होती, चुना इथंच होता, पूजा इथंच झाली. एजंट म्हणाला, मॅडम, केसिंगचा पाइप खाली उतरला, आता बंद केलं तरी हे बोर गेलंच, चालू राहू द्या. मी आबांवर चिडले, तुम्हाला मी दाखवली ती जागा आठवत न्हाई का? आबा म्हणाले, शेत माझं हाय, पण खुंटी तुझी होती. ती जिथं दिसली तिथं गाडी लावली. मला वाटलं, तू सकाळी येऊन बदलली. तू तर रोज बदलतीस.

यंत्राच्या आवाजात आमचं भांडण कुणाला धड ऐकू जात नव्हतं. चाचा झाडाखाली बसले होते, हातात बेचकी नव्हती. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि तोंडाला येईल ते बोलले. तुम्हाला माझी जागा सहन झाली न्हाई, तुम्ही खुंटी उपटून इथं आणली, बाग बुडाली तर बुडो, पण पोरगी खोटी पडली पाहिजे, हेच ना? एजंट बघत होता, तामिळनाडूचे कामगार बघत होते. चाचांनी सगळं ऐकून घेतलं.

"बेटी, ही जागा माझी हाईच न्हाई," ते म्हणाले. "म्या तर बांधाजवळची बोल्लो होतो. हलवलीच असती, तर माझ्या जागी न्हाई का नेली असती?"

 ते बराबर होतं. खुंटी त्यांच्या जागी नव्हती, माझ्याही जागी नव्हती. मग तिसरी जागा कुणाची? मी फोन काढला, चित्र उघडलं आणि गाडी उभी होती ती जागा त्यात शोधली. लाल गोळ्याच्या बरोबर मधोमध. वाऱ्यानं किंवा जनावरानं सरकलेली खुंटी इतकी नेमकी मध्ये जात नाही. ती कुणीतरी चित्र बघून, दोन्हीकडची झाडं मोजून तिथं ठोकली होती. आणि लाल तिथं गोडं पाणी, असं मानणारं माणूस आमच्या घरात एकच होतं. मी वळून मायकडं बघितलं. ती पूजेचं ताट हातात धरून उभी होती, आणि यंत्रातून काळी भुकटी येत होती.

 तिला विचारायची हिंमतच झाली नाही. तिला वाटत होतं, आता येईल, आता येईल. दर नवा पाइप जोडला की ती पदर सावरून पुढं व्हायची. वर मुरमाची तांबूस धूळ आली होती, मग काळी, मग आणखी काळी, आणि शेवटपर्यंत काळीच. ओल म्हणून नाही. दुपारी एजंटनं हात हलवून गाडी बंद करायला लावली. सगळीकडं एकदम शांत झालं. आबा चाचांना म्हणाले, तुमची जागा घेतली असती तर बरं झालं असतं. आमच्या शेजारच्या वावरातला एक जण लगेच म्हणाला, खुंटी चाचांनीच फिरवली म्हणत होती ना तुमची लेक. हे माझं बोलणं एवढ्यात तिथपर्यंत पोचलंही होतं. संध्याकाळपर्यंत ते गावभर झालं असतं आणि चाचांना पुन्हा कुणी शेतात बोलावलं नसतं.

तेव्हा माय बोलली.

"चाचांना काही म्हणू नका. खुंटी म्या हलवली."

कुणालाच कळेना. तिनं ताट खाली ठेवलं आणि सांगायला लागली. सकाळी पूजेला आली तर खुंटी ओढ्याकडं. फोनमध्ये बघितलं तर लाल इकडं वर. तिला वाटलं, राती कुणीतरी हलवली. कुणी म्हणजे चाचांनीच, असा तिच्याही मनात संशय आला, हेही तिनं चाचांच्या तोंडावर सांगितलं. मग तिनं खुंटी उपटली, चित्रात बघून बराबर लालाच्या मध्ये ठोकली आणि चुनाही तिथं नेऊन टाकला. कुणाला सांगितलं नाही, उगं सकाळी सकाळी भांडण नको म्हणून.

"तू म्हणली व्हतीस ना," ती मला म्हणाली, "लाल तिथं गोडं पाणी?"

मी तिला समुद्र आणि जमीन यांतला फरक तिथं उभ्यानं सांगितला. शेतात निळं बघायचं असतं, हे मी आबांना सांगितलं होतं, चाचांना सांगितलं होतं, मैत्रिणीला तर ठाऊकच होतं. महिनोन् महिने माझ्या मागं बसून चित्रं बघणारं माणूस ते, तिला कुणी सांगितलंच नव्हतं. आबाही आता तिच्याकडं बघेनात. चाचा उठले, तिच्याजवळ गेले, म्हणाले, भाबी, जाऊ द्या, तुमीबी पाण्यासाठीच केलं. आणि घराकडं निघून गेले. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही, आणि मला तिथं कुठं बघावं ते कळेना.

गाडी अजून उभी होती. एजंट म्हणाला, पुढच्या गावाला वाट बघून राह्यलेत, इथं आणखी घ्यायचं असलं तर जल्दी सांगा. आबा खाली ओढ्याकडं चालत गेले, जिथं माझी पहिली खुंटी होती तिथं उभे राहिले. भोक दिसत होतं, भोवती चुन्याचे ठिपके राहिले होते. मी मागं गेले, माय आमच्या मागं आली. शेवटचं बोर म्हणजे शेवटचं, असं आबांनी सगळ्यांना सांगितलेलं. आणखी एक घ्यायचं म्हणजे शब्द मोडायचा, आणि आबा शब्द मोडणारे नव्हते. तरी ते तिथं उभे होते, म्हणजे मोडायची त्यांची तयारी झाली होती. फक्त कुणीतरी त्यांना बळ द्यायला हवं होतं.

"इथं पाणी हाय का?" त्यांनी विचारलं. "हाय का न्हाई, येवढंच सांग."

मी म्हणाले, असायची शक्यता चांगली आहे.

"शक्यता नको. हाय का?"

समुद्राच्या कामात मी अहवालात शक्यता लिहिते आणि लोक माना डोलावतात. पुढच्या मोसमात जहाज पुन्हा जातं, पुन्हा नोंदी येतात, पुन्हा गणित. आबांकडं पुढचा मोसम नव्हता. मला डोळ्यांपुढं तो निळा पट्टा दिसत होता, आणि त्याच्यासारखेच दिसणारे दोन पट्टे, एक पाण्याचा आणि एक चिकणमातीचा. माझ्या आकड्यांनी त्या दोघांत फरक केला नव्हता, तो मी तोंडानं कसा करणार? आताच एक कोरडं गेलेलं. यातही भुकटी निघाली तर आबा मोडलेल्या शब्दासकट मोडतील, असंही मनात आलं. मायनं माझा हात धरला होता. तिचा हात हळदीनं पिवळा होता आणि ती मला हलकेच दाबत होती, म्हण, म्हणून.

मी म्हणाले, "नक्की न्हाई सांगता येत, आबा."

आबांनी मान हलवली आणि एजंटला हातानं जा म्हणून सांगितलं. मायनं माझा हात सोडला.

बाग काढायला जेसीबी आला तेव्हा माय शेतात गेली नाही. आबा एकटे उभे होते. मी चाचांच्या घरी जाऊन माफी मागून आले. त्यांनी चहा पाजला, बसवलं, नीट बोलले, पण बेटी म्हणाले नाहीत. समुद्राच्या कामात आमचा तो लाल पट्टा बऱ्याच अंशी खरा निघतोय असं दिसायला लागलं होतं, आणि मीटिंगमध्ये माझं कौतुक झालं. ते मी घरी कुणाला सांगितलं नाही. माय आता वर यायची नाही. चहा जिन्याच्या पायरीवर ठेवून खालूनच हाक मारायची.

तूर पेरून झाल्यावर एके दुपारी मी स्वयंपाकघरात तिच्यासोबत लसूण सोलत बसले होते.  मग तिनं मान वर न करता विचारलं.

"खरं सांग. तवा ओढ्यापाशी तू तसं बोलली, त्यो माझ्यावरचा राग व्हता का?"

मी म्हणाले, नाही गं माय. मला खरंच ठाऊक नव्हतं. पाणी किंवा चिकणमाती, दोन्ही सारखंच दिसत होतं, मी काय करणार? मी तिला सगळं पुन्हा नीट सांगितलं, पट्टा कसा, आकडे कसे, चार पद्धतींनी गणित करूनही कसं काही ठरलं नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही काही विचारलं नाही, आणि ती अशी कधी गप्प ऐकत नसे.

"आसल तसं," ती म्हणाली, आणि लसणाची टरफलं पदरात गोळा करून बाहेर टाकायला गेली.